पंचेचाळीस कशाचे?

माझ्या टेबलावर गेल्या महिन्यापासून एक लोखंडी प्लेट आहे. बाहेरचा व्यास २२० मिलिमीटर, जाडी १६, मधोमध १०० चा बोअर, म्हणजे आरपार गोल भोक, वजन साडेतीन किलोच्या थोडं वर. ड्रॉइंगप्रमाणे तिच्यावर १८० पीसीडीवर १८ मिलिमीटरची आठ होल हवी होती, सारख्या अंतरावर. पीसीडी म्हणजे होलांचे मध्यबिंदू ज्या वर्तुळावर बसतात त्या वर्तुळाचा व्यास. प्लेटवर सहा पूर्ण होल आहेत आणि पहिल्या होलाच्या कडेला सातव्याचा चंद्रकोरीसारखा कुरतडलेला घाव. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, घेऊन बोअरच्या कडेपासून कुठल्याही होलाच्या कडेपर्यंत मोजलं तर ३१ मिलिमीटर भरतात. ड्रॉइंगवरूनही तेवढेच निघतात: पीसीडीच्या निम्म्या ९० मधून बोअरचे ५० गेले, होलाचे ९ गेले, उरले ३१. त्या मोजमापाने पाहिलं तर ही प्लेट निर्दोष आहे.

ती स्क्रॅपमध्ये गेली, आणि मी ती मागून घेतली.

प्रकरण भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान शेडमधलं आहे. मी पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवते. माझी एक विद्यार्थिनी त्या शेडमध्ये सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला होती. एका संध्याकाळी मालकांचा फोन आला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. म्हणाले, "मॅडम, पोरीने आकडे तपासून दिले होते, मीही मोजून बघितलं होतं, तरी प्लेट गेली. कुठे चुकलं ते आम्हाला सापडेना. तुम्ही एकदा येऊन बघाल का?" गुरुवारी शेडला सुट्टी असते, तेव्हा निवांत बसता येईल म्हणून गुरुवार ठरला. शिवाजीनगरहून बस धरली आणि नाशिक फाट्यावरून भोसरीला पोहोचले तेव्हा मालक, ती मुलगी आणि शेडमधले जुने मिस्त्री असे तिघेही तिथे होते. मिस्त्रींना सुट्टीच्या दिवशी यायची गरज नव्हती. पण ते आले होते.

आधी काय घडलं ते सांगते. अशा प्लेटा मिस्त्री एरवी डिव्हायडिंग हेडवर करतात, म्हणजे हँडलने जॉब मोजून फिरवणाऱ्या जोडणीवर. त्या हेडचं गुणोत्तर ४० ला १, म्हणजे हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक पूर्ण फेरा. आठ होलांसाठी ४० भागिले ८, दर होलाला पाच फेरे. त्यात कुठे साइन नाही, कोसाइन नाही, चुकायला जागाच नाही. पण त्या आठवड्यात हेड दुसऱ्या जॉबला लागलेलं होतं आणि मिस्त्री गावाला गेले होते. मिलिंग मशीनवर डीआरओ आहे. टेबल एक्स आणि वाय दिशेला किती सरकलं ते तो आकड्यात दाखवतो. तेव्हा दर होलाचे एक्स-वाय काढून दिले की ऑपरेटर टेबल तिथे नेऊन होल मारू शकतो. मुलीने हे काम आपणहून अंगावर घेतलं आणि एक्सेलची एक शीट केली. पीसीडी आणि होलांची संख्या भरली की सगळे आकडे तयार. मला तिचं कौतुक वाटलं, आजही वाटतं.

ऑपरेटर तरुण पोरगा. इन्सर्टवालं, म्हणजे टोकाला बदलता येणारी धार बसवलेलं ड्रिल वापरत होता, ते एका दमात पुऱ्या मापाचं होल पाडतं. म्हणून त्याने आधी सगळ्या जागी सेंटरची खूण न मारता एकेक होल पूर्ण करत नेलं. सहा होल झाली. मालकांनी मधे दोनदा व्हर्निअर लावला, ३१ आणि ३१. सातव्या होलाला ड्रिल पहिल्या होलाच्या कडेत घुसलं, अर्ध्या बाजूला लोखंड आणि अर्ध्या बाजूला हवा. इन्सर्ट फुटला, मशीन थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गावाहून आले, प्लेट हातात घेतली आणि म्हणाले, "हे सहाचं काम आहे. आठाचं असं दिसत नाही." सगळ्यांनी ड्रॉइंग पुन्हा पाहिलं, शीट पुन्हा पाहिली. शीटमध्ये संख्या आठच होती.

मी मुलीला शीट उघडायला सांगितली. पहिल्या रकान्यात होलाचा क्रमांक, दुसऱ्यात कोन: ०, ४५, ९०, १३५ असं करत ३१५ पर्यंत. तिसऱ्यात ९० गुणिले त्या कोनाचा कॉस, चौथ्यात ९० गुणिले साइन. आणि पाचव्यात, माझी नजर जिथे थांबली तिथे, तिने स्वतःच्या बुद्धीने एक पडताळा घातला होता: एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग. आठही ओळींत ८१००. नव्वदाचा वर्ग. एकही ओळ चुकलेली नाही.

"मॅडम, मी तपासलं होतं," ती म्हणाली. रडवेली झाली होती.

तिने तपासलं होतं हे खरं आहे. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. निष्काळजीपणा इथे कुणाचाच नव्हता. मुलीने पडताळा घातला, मालकांनी व्हर्निअर लावला, आणि दोघांनी नकळत एकच प्रश्न दोनदा विचारला: होल वर्तुळावर आहे का? त्याचं उत्तर दर वेळी हो असंच येणार होतं. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १, हे कुठल्याही कोनाला लागू आहे, मग तो कोन हवा तो असो की भलताच. होल वर्तुळावर कुठे आहे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

शीटमधल्या दुसऱ्या ओळीत एक्स ४७.२७९ आणि वाय ७६.५८१ होता. ४५ अंशांवरच्या होलाचे एक्स आणि वाय सारखे असायला हवेत, दोन्ही ६३.६४०. इथे कळलं. एक्सेलचा कॉस आणि साइन कोन रेडियनमध्ये घेतो. गूगल शीट्स तसंच करतं, लिबर ऑफिसही तसंच, आणि सी, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषाही तसंच करतात. मुलीने ४५ लिहिलं अंश मनात धरून, शीटने वाचलं ४५ रेडियन.

आता ४५ रेडियन म्हणजे किती? हे सांगताना मी सूत्रापासून सुरुवात केली नाही, कारण सूत्र तिला पाठ होतं. अकरावीला "कोन व त्याचे मापन" हा धडा असतो, पहिल्या सेमिस्टरला आम्ही तेच पुन्हा घेतो, आणि अंशाला पाय भागिले १८० ने गुणा हे कुणीही झोपेतून उठून सांगतं. मी मिस्त्रींकडे बाइंडिंग वायर मागितली. प्लेटची त्रिज्या ११० मिलिमीटर. तेवढा तुकडा कापला आणि प्लेटच्या बाहेरच्या कडेवर वाकवून चिकटवला. त्याची दोन टोकं केंद्राशी जोडली की मधे जो कोन होतो तो एक रेडियन. त्रिज्येएवढी तार, पण सरळ ठेवलेली नव्हे, कडेवर लपेटलेली.

मिस्त्री लगेच म्हणाले, "सरळ ठेवली तर साठ डिग्री." अगदी बरोबर. कंपासने वर्तुळाचे सहा भाग करताना त्रिज्याच जीवा म्हणून सहा वेळा फिरवतात, तिथे ६० अंश मिळतात. तीच तार वाकवून कडेवर बसवली की ती थोडी आत अडते, आणि कोन ५७.३ अंशांचा होतो. नेमकं सांगायचं तर ५७.२९५८. कडेवर अशा सहा तारा लागतात आणि थोडी जागा उरते. आमच्या प्लेटवर ती ३१ मिलिमीटरच्या किंचित वर आली. सहा तारा आणि ०.२८३ तार, मिळून दोन पाय.

मग ४५ रेडियन म्हणजे त्याच कडेवर एकापुढे एक ४५ तारा लावत जायचं. पहिल्या सहा-सव्वासहात एक फेरा संपतो. असे सात फेरे पूर्ण होतात आणि आठव्या फेऱ्यात ५८.३१ अंशांवर आपण थांबतो. सात फेऱ्यांचा प्लेटवर काही माग राहत नाही. उरतं फक्त ५८.३१.

म्हणून पहिलं होल शून्यावर, दुसरं ५८.३१ वर, तिसरं ११६.६२, चौथं १७४.९३, पाचवं २३३.२४, सहावं २९१.५५. सहा होल जवळजवळ साठ-साठ अंशांवर! मिस्त्रींचा डोळा चुकला नव्हता. सातवं ३४९.८६ वर, म्हणजे पहिल्या होलापासून अवघ्या १०.१४ अंशांवर. १८० च्या पीसीडीवर या दोन केंद्रांमधलं सरळ अंतर होतं १५.९ मिलिमीटर, आणि होल तर १८ चं. ड्रिल घुसणारच. आठवं मारलं असतं तर ते ४८.१७ वर, म्हणजे दुसऱ्या होलात घुसलं असतं.

हा आकडा ४५ नसता तर चूक डोळ्यांना लवकर दिसली असती. चार होलांची प्लेट असती तर ९० रेडियन म्हणजे ११६.६२ अंश, आणि पहिल्या दोन-तीन होलांतच कुणीतरी थांबलं असतं. आठ होलांच्या बाबतीत चुकीचं उत्तर योगायोगाने एका नेहमीच्या कामासारखं दिसायला लागलं. शिवाय पहिलं होल शून्यावर होतं, आणि शून्य अंश म्हणजे शून्यच रेडियन. पहिली ओळ कुठल्याही एककात बरोबरच येते. मुलीने शीट तयार झाल्यावर हाताने पडताळली ती नेमकी पहिली ओळ.

मालकांचा प्रश्न साधा होता आणि मला तो फार योग्य वाटला: "पण मशीन डिग्रीत, ड्रॉइंग डिग्रीत, कॅल्क्युलेटर डिग्रीत. मग शीट असं का करते?" त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन आहे, फानूक कंपनीच्या कंट्रोलवर चालतं. त्याच्या मॅक्रोमध्ये, म्हणजे मशीनसाठी लिहिलेल्या सूत्रांत, साइन लिहून कंसात ४५ टाकलं की ते ४५ अंशच समजतं. ड्रॉइंग काढायच्या ऑटोकॅडच्या पडद्यावर कोन अंशांत दिसतो, पण त्याच ऑटोकॅडच्या आतली ऑटोलिस्प भाषा रेडियन मागते. म्हणजे एकाच जॉबवर दोन बोली चालतात.

कारण असं. अंश हा माणसाने ठरवलेला तुकडा आहे. वर्तुळाचे ३६० भाग बॅबिलोनच्या काळापासूनचे, ३६० ला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा, बारा या सगळ्यांनी भाग जातो म्हणून सोयीचे. मार्किंगला, नकाशाला, गुण्याला अंशच बरे. रेडियन मात्र वर्तुळाच्या आतूनच येतो: कडेची लांबी भागिले त्रिज्या. लांबीला लांबीने भागलं की एकक उडून जातं आणि निव्वळ संख्या उरते. साइनची किंमत काढायची जी मालिका आहे, कोन वजा कोनाचा घन भागिले ६ अधिक कोनाचा पाचवा घात भागिले १२० अशी पुढे जाणारी, ती कोन रेडियनमध्ये असेल तरच खरी ठरते. लहान कोनाला साइन आणि कोन जवळपास सारखे होतात तेही रेडियनमध्येच: ५ अंश म्हणजे ०.०८७२७ रेडियन, आणि ५ अंशांची साइन ०.०८७१६. अंशांत लिहिलं तर प्रत्येक सूत्रामागे पाय भागिले १८० चं लोढणं फिरत राहतं. कॅल्क्युलेटरवर डिग्री मोड लावला की आधी हे रूपांतर होतं. ते तो आपल्या नकळत करतो, एवढंच.

आणि एकक उडून जातं म्हणूनच शीटला चूक कळत नाही. ४५ ही फक्त संख्या आहे. मिलिमीटरच्या जागी इंच पडले तर जॉब पंचवीस पट होतो आणि आंधळ्यालाही दिसतो. कोनाची चूक वर्तुळावरच राहते.

रेडियन हा शब्द १८७३ मध्ये आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या जेम्स थॉमसन यांनी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत वापरला. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत १९६० पासून तो पूरक एकक या वेगळ्या वर्गात होता, १९९५ मध्ये तो वर्ग रद्द झाला आणि रेडियन साधित एककांत गेला. पण कल्पना त्याहून कितीतरी जुनी, आणि आपल्या घरातली आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये आर्यभटाचा पुतळा आहे. इ.स. ४९९ च्या सुमारास त्याने 'ज्या'चा, म्हणजे आजच्या साइनचा, जो तक्ता दिला, त्यातल्या २४ फरकांची बेरीज ३४३८ येते. ही त्याची त्रिज्या. ३४३८ काय? कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण वर्तुळाच्या कला ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६००. कडा ज्या कलांत मोजायची त्याच कलांत त्याने त्रिज्याही मोजली. एक रेडियन कलांत लिहिला तर ३४३७.७५ येतो. शब्द नव्हता, विचार तोच होता: वाकडी कडा आणि सरळ रेघ एकाच मापाने मोजायची. त्याच्या तक्त्यातली पहिली ज्या २२५ कलांच्या कोनाची आहे आणि तिची किंमतही २२५ च आहे. लहान कोनाला साइन आणि कोन सारखे, ते हेच.

आर्यभट इथे मी केवळ अभिमानापोटी आणलेला नाही. त्या दिवशी त्याचं शेडमध्ये खरंच काम पडलं. चूक सापडल्यावर मुलीने लगेच दुरुस्ती केली: कोनाला ३.१४ ने गुणून १८० ने भागलं. आकडे ठीक दिसायला लागले. मी तिला म्हटलं, आठव्या होलाचा हिशेब कर. ३.१४ धरला तर ३१५ अंशांवरचं होल कडेने ०.२५ मिलिमीटर सरकतं. २२ भागिले ७ धरला तर ०.२०, उलट बाजूला. होल १८ चं आणि बोल्ट १६ चा, त्यामुळे या प्लेटवर बोल्ट जाईल. पण तिथे डॉवेल पिन, म्हणजे होलात नेमकी घट्ट बसणारी पिन, असती तर पाव मिलिमीटरने ती बसली नसती. आणि आर्यभटाने दिलेलं गुणोत्तर धरलं, ६२,८३२ भागिले २०,०००, म्हणजे ३.१४१६, तर तेच होल एका मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, थोडं जास्त सरकतं. मशीनवरचा डीआरओ पाच मायक्रॉनच्या टप्प्याने आकडा दाखवतो. त्याला ती चूक दिसणारही नाही. मालक खुर्चीत पुढे सरसावले आणि म्हणाले, "पंधराशे वर्षांपूर्वीचा पाय आमच्या मशीनला पुरतो म्हणायचं!"

एक्सेलमध्ये अर्थात पाय हातानं लिहायची गरज नाही. पाय नावाचं फंक्शन आहे, अंशाचे रेडियन करणारं रेडियन्स आहे, उलटं डिग्रीज आहे. ती वापरावीत. पण कॉसच्या कंसात रेडियन्स कोंबू नये असं माझं ठाम मत आहे. मी तिला वेगळा रकाना करायला लावला. एक रकाना "कोन, अंश", शेजारी दुसरा "कोन, रेडियन", आणि कॉस-साइन फक्त दुसऱ्यावरून. ०, ०.७८५४, १.५७०८, २.३५६२ असे आकडे डोळ्यांसमोर दिसले पाहिजेत. रूपांतर सूत्राच्या पोटात लपलं की पुढच्या माणसाला ते झालंय की नाही कळत नाही, आणि तो पुन्हा एकदा करतो. ०.७८५४ ला अंश समजून परत रेडियन्समधून काढलं की कॉस जवळपास १ येतो आणि आठही होल पहिल्याच्या अवतीभोवती गोळा होतात. हे मी विद्यार्थ्यांच्या कामात पाहिलेलं आहे.

उलट दिशेची चूकही त्याच दुपारी निघाली. मुलीने तपासणीसाठी दुसरी शीट केली होती: तयार प्लेटवर डीआरओने एक्स-वाय घ्यायचे आणि त्यावरून कोन काढायचा. मिस्त्रींनी पूर्वी हेडवर केलेल्या एका चांगल्या प्लेटचे आकडे तिने भरले होते, आणि दुसऱ्या होलाचा कोन ०.७८५ आला होता. मालकांनी तो ०.७८५ अंश असा वाचला होता, आणि जुनं कामही चुकलंय की काय या काळजीत ते दोन दिवस होते. चांगली प्लेट होती ती! ०.७८५ ला १८० ने गुणून पायने भागा, ४५ येतात. या शीटमध्ये आणखी एक खोच आहे: एक्स-वायवरून कोन काढणारं एक्सेलचं एटॅन२ फंक्शन आधी एक्स घेतं आणि मग वाय, पायथन किंवा सी आधी वाय घेतं. क्रम उलटला तर ३० अंशांचं होल ६० वर दिसतं, आणि ४५ चं मात्र ४५ वरच राहतं. म्हणजे नेमकं ४५ वर पडताळून पाहणारा माणूस इथेही फसतो.

कॅल्क्युलेटरवाल्यांनी तिसऱ्या मोडकडेही लक्ष ठेवावं. डिग्री आणि रेडियनच्या शेजारी ग्रेडियन असतो. त्यात काटकोनाचे १०० भाग. चुकून तो लागला तर ४५ म्हणजे ४०.५ अंश. आठ होल मारली की सात फटी ४०.५ च्या आणि शेवटची ७६.५ ची. पहिली दोन होल पाहून कुणाला शंकासुद्धा येणार नाही.

पडताळा कुठला घालावा, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो. वर्तुळावर आहे का हे विचारणारा पडताळा ठेवायचा, तो पीसीडीची चूक पकडतो. पण कोन पकडणारा वेगळा हवा. मिस्त्रींनी खिशातून वही काढली. तेलकट झालेली, प्लास्टिकचं कव्हर घातलेली. त्यात होलांच्या संख्येपुढे आकडे होते: ४ पुढे ०.७०७१, ६ पुढे ०.५, ८ पुढे ०.३८२७, १२ पुढे ०.२५८८. "पीसीडीला याने गुणायचं, दोन टोकांचा डिव्हायडर तेवढा उघडायचा आणि फिरवत जायचं. शेवटी त्याचं टोक पहिल्या डॉटमध्ये पडलं पाहिजे." हे आकडे म्हणजे १८० अंश भागिले होलांची संख्या, त्याची साइन. कुणीतरी कधीतरी ती साइन काढून ठेवली, आणि मिस्त्रींनी ती चाळीस वर्षं वापरली, एककाच्या भानगडीत न पडता. १८० गुणिले ०.३८२७, ६८.८९ मिलिमीटर. शेजारशेजारच्या दोन होलांमध्ये तेवढं अंतर हवं. वाया गेलेल्या प्लेटवर ते ८७.७ होतं. व्हर्निअर बोअरकडून काढून शेजारच्या होलावर नेला असता तर दुसऱ्या होलालाच काम थांबलं असतं.

शीटमध्ये मी अजून एक ओळ घालायला लावली, ती मला स्वतःला फार आवडते: सगळ्या एक्सची बेरीज आणि सगळ्या वायची बेरीज. होल सारख्या अंतरावर असतील तर दोन्ही बेरजा शून्य येतात, कारण प्लेट केंद्रावर तोललेली राहते. होल सहा असोत, आठ असोत की तेरा. मुलीच्या जुन्या शीटमध्ये एक्सची बेरीज १३५.१ आली आणि वायची ६०.४. एकच ओळ, आणि चूक तोंडावर.

"ही आधी का नाही सुचली?" तिने विचारलं. मी तिला खरं ते सांगितलं: मी शिकवलीच नव्हती. वर्गात आम्ही रूपांतराची वीस गणितं देतो, प्रत्येकात एकक छापलेलं असतं, आणि उत्तरपत्रिकेत पाय तसाच ठेवला तरी मार्क मिळतात. शीटच्या कोऱ्या रकान्यात एकक कुणी छापून देत नाही. यंदापासून मी पहिल्या तासाला प्लेट फिरवते. प्रश्न एकच: ही कुठे चुकली आहे ते व्हर्निअरने दाखवा. जवळपास सगळे आधी केंद्राकडून मोजतात.

निघायच्या आधी मिस्त्रींनी वही माझ्यापुढे केली. "तो रेडियनचा आकडा इथे लिहून द्या. पंचेचाळीसचा." मी ०.७८५४ लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मागची पानं उलटली. "हा तर आहे माझ्याकडे." खरंच होता. 'गोल बार: डाया गुणिले डाया गुणिले ०.७८५४', क्षेत्रफळासाठी. मी सांगितलं, दोन्ही पायचा चौथा भाग आहेत. पूर्ण वर्तुळ म्हणजे दोन पाय, त्याचा आठवा हिस्सा ४५ अंश. आणि डायाच्या चौरसात बसवलेलं वर्तुळ त्या चौरसाचा पाय भागिले चार एवढा भाग व्यापतं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वजनाच्या १६२ मध्येपण हाच असणार." गोल बारचं मीटरला किलोत वजन काढताना शेडमध्ये सगळे डायाचा वर्ग भागिले १६२ करतात. मालकांनी फोनवर हिशेब केला: ०.७८५४ गुणिले पोलादाची घनता ०.००७८५, आणि एकाला त्या उत्तराने भागलं. १६२.२ आले. मिस्त्रींनी मुलीकडून पेन घेतलं आणि ०.७८५४ च्या खाली, आपल्या हाताने, १६२ लिहून दोन्हींभोवती एक गोल काढला.